पाडलेल्या स्लॅबची खडी: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

उन्हाळा लागला, की सोलापुरात जुनी घरे पाडण्याला वेग येतो, कारण पावसाळ्यापूर्वी निदान जोते तरी वर यावे अशी प्रत्येक घरमालकाची इच्छा असते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा विषय एकच होता: पाडलेल्या काँक्रीटचे करायचे काय, आणि त्याची खडी करून ती नव्या कामात वापरता येते का. म्हणून हे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न: साखर पेठेत आमचे वडिलोपार्जित दुमजली घर आहे. सुमारे हजार चौरस फुटांचे दोन स्लॅब १९८०च्या आसपास टाकलेले आहेत, भिंती विटांच्या आहेत. घर पाडून त्याच जागी नवे बांधायचे आहे. ठेकेदार म्हणतो, की जुना स्लॅब क्रशरवर फोडून आणू आणि त्याच खडीत नवा स्लॅब टाकू, म्हणजे खडीचा सगळा खर्च वाचेल. हे सुरक्षित आहे का? — एक वाचक, साखर पेठ

उत्तर: जुन्या काँक्रीटची खडी होते आणि ती योग्य प्रमाणात स्लॅबमध्येही चालते, परंतु "खडीचा सगळा खर्च वाचेल" हे ठेकेदाराचे वाक्य आपण मनावर घेऊ नये.

आपल्याकडच्या खाणींतून येणारी खडी बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची असते. ती घट्ट असते आणि पाणी फारसे पीत नाही. स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक टक्का पाणी शोषते. फोडलेल्या काँक्रीटचा तुकडा मात्र निव्वळ दगड नसतो. आतला दगड तोच असला, तरी त्याच्या अंगाला जुन्या सिमेंट-वाळूचा माल चिकटलेला असतो, आणि हा माल सच्छिद्र असतो. त्यामुळे अशी खडी वजनाला हलकी भरते आणि साधारणपणे तीन ते सात टक्के पाणी शोषते. ही गोष्ट कागदावर किरकोळ वाटते, पण एप्रिलच्या उन्हात तापलेल्या कोरड्या खडीवर माल कालवला, की तिचा परिणाम समोर दिसतो. खडी कालवणीतले पाणी पिऊन टाकते, माल दहा मिनिटांत आळतो, आणि मिक्सरवरचा माणूस कोणालाही न विचारता आणखी एक बादली ओततो. काँक्रीट कमकुवत होण्यात त्या बादलीचा वाटा जुन्या खडीइतकाच, किंबहुना अधिक असतो. म्हणून अशी खडी वापरायचीच असेल, तर ती आदल्या रात्री भिजवून, सकाळी निथळून, वरचे पाणी सुकल्यावरच मिक्सरमध्ये घालावी लागते. आपल्या ठेकेदाराला ही गोष्ट ठाऊक आहे का, हे त्याला एकदा विचारून पाहावे. उत्तरावरून बरेच काही कळेल.

आता मानक काय सांगते ते पाहू. काँक्रीटसाठीच्या खडी-वाळूचे भारतीय मानक म्हणजे आयएस ३८३. त्याच्या २०१६च्या सुधारित आवृत्तीने जुन्या काँक्रीटच्या खडीला प्रथमच जागा दिली. निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी सळईच्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २० टक्क्यांपर्यंत, आणि तीही एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच, चालते. सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये ही मर्यादा २५ टक्के आहे. एम-१५पेक्षा कमी दर्जाच्या, म्हणजे पायाखाली अंथरतात तशा हलक्या काँक्रीटमध्ये मात्र ती शंभर टक्के वापरता येते. काँक्रीटमध्ये विटांचे, फरशांचे, गिलाव्याचे तुकडे मिसळलेले असतील, तर त्या मिश्र खडीला स्लॅबमध्ये अजिबात परवानगी नाही. ती फक्त हलक्या काँक्रीटमध्येच घालता येते.

या २० टक्क्यांचा हिशोब आपल्या घरापुरता करून पाहावा. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ४१७ घनफूट, अर्थात जवळपास १२ घनमीटर काँक्रीट. त्याला मोठी खडी लागते अंदाजे १४ टन. तिच्या २० टक्के म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास, मापाने सुमारे पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दोन्ही स्लॅबांचे मिळून दीड ब्रास. एवढी खडी वाचवण्यासाठी जुना स्लॅब ट्रकने क्रशरवर न्यायचा, फोडून, चाळून परत आणायचा, प्रयोगशाळेत तपासायचा आणि वर भिजवण्याची खबरदारी घ्यायची, हा व्यवहार एका घराला परवडत नाही. शेकडो घरांचा राडारोडा एका ठिकाणी येतो तेथे हे गणित निराळे असते. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून चालणारा प्रकल्प तशा मोठ्या प्रमाणामुळेच उभा राहू शकला.

मग आपला जुना स्लॅब फुकट जाणार का? तसे मुळीच नाही, कारण त्याची खरी जागा वरच्या स्लॅबमध्ये नसून जमिनीलगत आहे. हजार चौरस फुटांचे जोते दोन फूट उचलायचे, तर भिंती आणि पाया वजा करण्यापूर्वी २० ब्रास भर लागते. आपल्या दोन्ही स्लॅबांचे घट्ट काँक्रीट सव्वाआठ ब्रासच्या आसपास आहे आणि फोडल्यावर ते फुगून साधारण बारा ब्रास होईल. म्हणजे आपले जोते दोन्ही स्लॅब सहज गिळून टाकेल आणि वर मुरूम मागेल. त्यासाठी क्रशरही लागत नाही; ब्रेकरने किंवा घणाने मुठीएवढे तुकडे केले तरी पुरे. फक्त ते मुरुमात मिसळून, सहा ते आठ इंचांच्या थरांत पसरून, पाणी मारून धुमसून घ्यावेत. मोठे तुकडे तसेच ढकलून दिले, तर त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात, वरचा मुरूम पुढे दोन-तीन पावसाळ्यांत त्यांत उतरतो आणि फरशी खचते. आपल्या जागेत काळी माती लागली असेल, तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आपण जाणताच. काँक्रीटचा चुरा पाण्याने फुगत नाही, त्यामुळे काळी माती काढून तेथे अशी भर घालणे हिताचेच ठरते. पायाखालच्या पीसीसीसाठी, म्हणजे सळई नसलेल्या हलक्या काँक्रीटसाठी, थोडी खडी फोडून, चाळून घेतली, तर तेथेही ती पूर्णपणे चालेल.

हे सगळे साधायचे असेल, तर खरे काम पाडण्याच्या पहिल्या दिवशीच करावे लागते. जेसीबी आणून अख्खे घर एका ढिगात लोळवले, की त्यातले काँक्रीट, विटा, गिलावा, लाकूड आणि पीओपी एकमेकांत असे मिसळते, की पुढे ते वेगळे करण्याची मजुरी त्या मालाच्या किमतीवर जाते. म्हणून आधी दारे-खिडक्या, वायरिंग, नळ आणि पीओपीचे छत काढावे. नंतर गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा खरवडून बाजूला करावा; स्लॅबच्या पाठीवर बसलेला हा कोबा विसरला जातो आणि नंतर खडीत विटा कोठून आल्या, याचे सर्वांना आश्चर्य वाटते. मग स्लॅब आणि बीम फोडून त्यांचा ढीग वेगळा ठेवावा, आणि भिंती सर्वांत शेवटी घ्याव्यात. पीओपीविषयी विशेष सांगतो: ते जिप्सम असते, त्यात सल्फेट असते, आणि ओल मिळाली की हे सल्फेट सिमेंटशी संयोग पावून फुगते. पीओपी मिसळलेली भर जोत्यात घातली, तर वरची काँक्रीटची जमीन कालांतराने फुगून तडकू शकते. लाकडाचे तुकडे भरीत गेले, तर वाळवीला आमंत्रण मिळते, हे वेगळे सांगायला नको.

फोडलेल्या स्लॅबमधून निघालेली सळई भंगारात विकावी. ती सरळ करून नव्या स्लॅबमध्ये बांधण्याचा प्रस्ताव आला, तर तो नम्रपणे नाकारावा.

प्रश्न: बाजारात जुन्या काँक्रीटची खडी नव्या खडीत मिसळून येते असे ऐकले. साध्या माणसाने ती ओळखायची कशी? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: पहिली पारख डोळ्यांची. बेसाल्टच्या ताज्या खडीचा रंग काळसर-निळा आणि सर्व बाजूंनी सारखा असतो, तर जुन्या काँक्रीटच्या तुकड्याला एका बाजूला काळा दगड आणि दुसऱ्या बाजूला करडा, खरबरीत माल दिसतो. दुसरी पारख पाण्याची. दोन किलोच्या आसपास खडी धुऊन चोवीस तास पाण्यात ठेवावी, फडक्याने पुसून तिचे वजन करावे, नंतर लोखंडी पाटीत घालून चुलीवर पूर्ण कोरडी करून, गार झाल्यावर पुन्हा वजन करावे. कोरडे वजन दोन किलो आणि फरक शंभर ग्रॅम आला, तर ती खडी पाच टक्के पाणी पिते, आणि असा आकडा आपल्याकडच्या घट्ट काळ्या खडीचा येत नाही. याच घरगुती रीतीचे काटेकोर रूप आयएस २३८६ या मानकात दिले आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतले फिनॉल्फथॅलीन मिळाले, तर आणखी एक गंमत करून पाहता येते: तुकडा फोडून ताज्या बाजूवर थेंब टाकल्यास जुना माल आतून अजून अल्कधर्मी असेल तेथे गुलाबी होतो, दगड मात्र जसाच्या तसा राहतो. बाहेरच्या जुन्या पृष्ठभागावर हा रंग सहसा येत नाही, कारण तो भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मुरलेला असतो.

अशी खडी सापडली म्हणजे फसवणूकच झाली, असे समजू नये. विक्रेत्याने ती काय आहे हे सांगून, कमी दराने आणि पीसीसीसाठी दिली असेल, तर व्यवहार चोख आहे. न सांगता स्लॅबसाठी दिली असेल, तर मात्र माल परत करावा.

प्रश्न: अक्कलकोट रस्त्यावर आमचा यंत्रमागाचा जुना कारखाना आणि त्याला लागून टॉवेलचे डाय हाउस आहे. दोन्ही पाडून तेथे गोदाम बांधायचे आहे. जमीन जाड काँक्रीटची आहे. ते काँक्रीट फोडून गोदामाच्या कामात वापरावे, असे आमच्या मुलाचे म्हणणे आहे. — एक कारखानदार

उत्तर: आपले पत्र वाचून मला फार बरे वाटले, कारण हा प्रश्न आपल्या शहराचा असूनही कोणी विचारीत नाही. चिरंजीवांचे म्हणणे कारखान्याच्या शेडपुरते बरोबर आहे, डाय हाउसच्या बाबतीत नाही, आणि त्याचे कारण मीठ.

सुती धाग्याला रिअॅक्टिव्ह रंग चढवताना रंगाच्या पाण्यात साधे मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात, म्हणजे रंग पाण्यातून सुटून धाग्याकडे जातो. गडद रंगाला लिटरमागे पन्नास ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ लागते. पन्नास ग्रॅम मिठात सुमारे तीस ग्रॅम क्लोराइड असते. सळईच्या काँक्रीटसाठी कालवणीच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड नसावे, अशी आयएस ४५६ची मर्यादा आहे. म्हणजे आपल्या डाय हाउसच्या जमिनीवर वर्षानुवर्षे सांडत आलेले पाणी या मर्यादेच्या साठपट खारट होते. ते जमिनीच्या काँक्रीटमध्ये मुरत गेले, वाळले, पुन्हा मुरले. अशी जमीन फोडून तिची खडी नव्या कॉलममध्ये किंवा स्लॅबमध्ये घातली, तर तिच्यातला क्लोराइड नव्या सळईला आतून गंज आणेल, आणि जेथे सोडियम सल्फेट वापरले असेल, तेथे वर सांगितलेला फुगण्याचा धोका राहील. भिजवून, धुऊन मीठ थोडे कमी होते, पण मालाच्या छिद्रांत बसलेले सगळे निघून जाईल याची खात्री देता येत नाही. म्हणून डाय हाउसची जमीन आणि तिला लागलेल्या भिंतींचा खालचा तीन-चार फुटांचा भाग वेगळा फोडावा आणि सळईजवळ कोठेही येऊ देऊ नये. नमुना प्रयोगशाळेत देऊन त्यातील क्लोराइड आणि सल्फेट मोजून घेतल्याशिवाय तो भरीतही घालू नये.

मागांच्या शेडच्या जमिनीचा दोष वेगळा आहे. मागांखाली तेल मुरलेले असते, आणि तेलकट खडीला नवे सिमेंट नीट धरीत नाही. काळे, तेलकट पट्टे वेगळे काढून उरलेली जमीन फोडली, तर गोदामाच्या फरशीखालच्या सोलिंगला, म्हणजे दगडांच्या थराला, तो माल उत्तम होईल. रस्त्यांच्या कामांतही असा माल थरांत वापरता यावा, म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने २०१७ मध्ये आयआरसी १२१ ही मार्गदर्शिका काढली आहे. गोदामाच्या आवारातील रस्त्यासाठी आपल्या अभियंत्याला ती पाहावयास सांगावे.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारली नाही. शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतील. ते काँक्रीटसारखेच करडे दिसतात, म्हणून मजूर ते फोडून त्याच ढिगात टाकतात. असे करू देऊ नये. त्यांचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि वीस-तीस वर्षांनंतरही कर्करोगाला कारण होऊ शकतात. पत्रे न फोडता, पाणी मारून ओले ठेवून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवावेत, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवावेत आणि घातक कचरा म्हणूनच त्यांची विल्हेवाट लावावी.

प्रश्न: गावात आमचे माळवदाचे घर आहे. ते उतरवल्यावर निघणाऱ्या दगडांची आणि मातीची खडी होईल का? — एक वाचक, मंद्रूप परिसर

उत्तर: मातीची होणार नाही, ती शेतात किंवा परसात पसरावी. दगड मात्र तोच काळा पाषाण आहे, आणि चिखलमातीच्या बांधणीत त्याला सिमेंट लागलेले नसते. त्यामुळे धुऊन फोडला, तर त्याची खडी खाणीच्या खडीइतकीच चांगली होते. खरे तर घडीव दगड फोडणे हा मला अपव्ययच वाटतो. ते कुंपणाच्या भिंतीला, ओट्याला किंवा पायाला तसेच वापरावेत. सागवानी तुळया आणि खांब यांना तर गिऱ्हाईक आपल्या दारात येईल.

प्रश्न: मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. जुन्या काँक्रीटची खडी वापरल्याने कार्बन उत्सर्जन मोठ्या प्रमाणात कमी होते, असे आमच्या प्रकल्प अहवालात लिहिले आहे. हे बरोबर आहे ना? — एक विद्यार्थी

उत्तर: "मोठ्या प्रमाणात" हे शब्द खोडावेत. काँक्रीटच्या आकारमानात खडी-वाळूचा वाटा साठ ते पंचाहत्तर टक्के असला, तरी त्याच्या कार्बनचा बहुतेक भाग सिमेंटमधून येतो, कारण क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करण्याचा भाजलेला मूळ माल, तयार होताना चुनखडी भाजली जाऊन तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक टन क्लिंकरमागे आठशे ते नऊशे किलो उत्सर्जन होते. एक टन खडी फोडण्यामागे ते काही किलोंच्या घरात असते. आता असे समजा, की जुन्या खडीमुळे ताकद थोडी घटली आणि ती भरून काढण्यासाठी आपण घनमीटरमागे पंधरा किलो सिमेंट वाढवले. तेवढ्या सिमेंटने दहा-तेरा किलो उत्सर्जन वाढते, आणि घनमीटरभर काँक्रीटमधली सगळी खडी-वाळू मिळूनसुद्धा साधारण तेवढेच उत्सर्जन करीत असते. म्हणजे वाचवलेले सगळे त्या पंधरा किलोंत गेले. क्रशर चाळीस किलोमीटर दूर असेल, तर ट्रकच्या डिझेलचा हिशोब निराळाच.

या कामाचे लाभ दुसरीकडे आहेत: डोंगर कमी फुटतो, ओढ्याच्या काठी राडारोडा कमी पडतो, आणि शहराबाहेर टाकण्याच्या जागेची ओढाताण कमी होते. ते पुरेसे मोठे लाभ आहेत. अहवालात ते ठामपणे मांडावेत. कार्बनच कमी करायचा असेल, तर सोलापूरजवळच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेकडे पाहावे. पीपीसी या राखमिश्रित सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख घालता येते, आणि तेवढ्या प्रमाणात क्लिंकर सरळ वाचतो.

एक चांगला बारकावा मात्र अहवालात घालता येईल. फोडलेले काँक्रीट हवेत उघडे पडल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा थोडा शोषून घेते, आणि तुकडे जितके बारीक तितका हा वेग अधिक असतो. शोषलेला हा वायू मालाच्या छिद्रांत कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो, त्यामुळे खडी थोडी घट्टही होते. प्रयोगशाळेत हे मोजण्यासारखे आहे आणि पदवीच्या प्रकल्पाला पुरेल एवढे काम त्यात आहे.

प्रश्न: २०२३ मध्ये होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली गेली, तेव्हापासून मनात आहे: अशा चिमणीचे काँक्रीट खडीला चांगले की घराचे? — एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर: तत्त्वतः चिमणीचे. एकाच वेळी, एकाच दर्जाचे ओतलेले शेकडो टन काँक्रीट एका जागी मिळते, त्यात विटा-फरशा मिसळण्याची शक्यता कमी असते, आणि चार नमुने तपासले की सगळ्या ढिगाचा अंदाज येतो. घराघरांतून आलेल्या ढिगात प्रत्येक ट्रकचा स्वभाव वेगळा असतो. चिमणीच्या आतला, धुराशी थेट संबंध आलेला थर आणि अस्तराच्या विटा असतील, तर त्या तेवढ्या वेगळ्या काढाव्यात. जुन्या कापड गिरण्यांच्या चिमण्यांची गोष्ट निराळी आहे. त्या विटांच्या बांधकामाच्या, त्यामुळे त्यांचा काँक्रीटच्या खडीशी संबंध नाही.

प्रश्न: राडारोडा रस्त्याच्या कडेला ठेवला, तर नियमाने काय होते? — एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर: बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याविषयीचे केंद्राचे नियम मार्च २०१६ मध्ये आले. त्यांनुसार राडारोडा आपल्याच आवारात ठेवणे, रस्त्यावर किंवा गटारात न टाकणे आणि ठरवून दिलेल्या संकलन केंद्रावर पोहोचवणे ही ज्याचे काम आहे त्याची जबाबदारी ठरली. दिवसाला २० टनांहून अधिक किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांहून अधिक कचरा निघत असेल, तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-माल असे चार वेगळे ढीग करणे बंधनकारक केले होते. २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले आणि त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. त्यांत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर ठराविक प्रमाणात पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. आपले घर त्या मापात बसत नाही, परंतु रस्त्याकडेच्या ढिगाचा दंड मापाने ठरत नाही. महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात पाडकामापूर्वीच विचारणा करावी.

प्रश्न: छतावरचे पावसाचे पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचे आहे. खड्ड्यात दगडगोट्यांऐवजी फोडलेल्या स्लॅबचे तुकडे भरले तर चालतील का? — एक वाचक, शेळगी

उत्तर: येथे ते वापरू नयेत. ताज्या फोडलेल्या काँक्रीटमधून पाझरणारे पाणी सुरुवातीच्या काळात तीव्र अल्कधर्मी असते, आणि ते आपण पिण्याच्या बोअरच्या तोंडाशीच सोडणार आहात. शिवाय त्यातला चुना हवेशी मिळून पांढऱ्या साक्याच्या रूपाने खड्ड्याच्या जाळीवर बसतो, बारीक चुरा खाली उतरून वाळूचा थर बुजवतो, आणि तीन-चार पावसाळ्यांत खड्डा पाणी घेईनासा होतो. खड्ड्यासाठी धुतलेले दगडगोटे, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू, असाच क्रम ठेवावा. स्लॅबचे तुकडे हाताशी असतील, तर ते फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेखाली धुमसून घालावेत; तेथे पाणी साचत असेल, तर थराला बाहेरच्या बाजूस थोडा उतार द्यावा.